माणसं कमी, म्हणून गोळ्या जास्त?

‘तुमचं ते इंग्लंडचं इथे सांगू नका.’ बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना दिल्या जाणाऱ्या मानसिक आजारांवरच्या औषधांचा विषय निघाला, की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कधी मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, कधी वसतिगृहाचे चालक, कधी खुद्द पालक. पुढचा युक्तिवाद ठरलेला असतो. तिकडे एकेका माणसामागे कर्मचारी असतात, मानसशास्त्रज्ञ घरी येतो, नर्स घरी येते, त्यांना गोळ्या कमी करणं परवडतं. इथे आई एकटी आहे. घर दोन खोल्यांचं. मुलगा पंचवीस वर्षांचा, अंगानं तिच्या दुप्पट. तो भिंतीवर डोकं आपटतो, तिच्या दंडाला चावतो, रात्र रात्र झोपत नाही, आणि सोसायटीवाले तक्रारीचं पत्र घेऊन दारात उभे असतात. अशा घरात रात्रीची गोळी ही दयाच आहे. गोळीला नावं ठेवणारे त्या वेळी आपापल्या घरी शांत झोपलेले असतात.

शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते मला लागतं. मी डॉक्टर नाही. विशेष शाळेत मुलांना शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि शाळा सुटल्यावर मीही घरी जाऊन झोपत असे. पण म्हणून बाकीचा युक्तिवाद पटत नाही, कारण तो उलटा मांडलेला आहे. ज्या घरात मुलाचं वजन कोणी करत नाही, रक्त तपासायला कोणी सांगत नाही, मान एकाएकी वाकडी झाली तर ते औषधामुळे झालं हे ओळखायला कोणी नाही, त्याच घरात सर्वांत जास्त देखरेख मागणारं औषध वर्षानुवर्षं चालू राहतं. साधनं नाहीत म्हणून गोळी द्यावी लागते, हे समजू शकतं. साधनं नाहीत म्हणून ती तपासणीशिवाय, मुदतीशिवाय, कारण न लिहिता देता येते, हे कुठून आलं?

आधी इंग्लंडचंच पाहू. तिकडे ‘लर्निंग डिसेबिलिटी’ म्हणतात ती आपल्याकडची वाचन-लेखनाची अडचण नव्हे, आपण बौद्धिक अक्षमता म्हणतो ती. तिथल्या लोकांना गोळ्यांचा प्रश्न दिसला तो श्रीमंतीच्या निवांतपणात नाही. मे 2011 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमानं ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात छुप्या कॅमेऱ्यानं केलेलं चित्रीकरण दाखवलं. 24 खाटांची ती जागा. कर्मचारी रुग्णांना मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते, थंड पाण्याखाली उभं करत होते. पुढे अकरा जणांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. या जागेचं दर माणशी भाडं होतं आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड, आणि ते सरकार भरत होतं.

हा आकडा मी मुद्दाम सांगते. साडेतीन हजार पौंडांत माणसं ठेवता आली असती, मानसशास्त्रज्ञ ठेवता आले असते, रुग्णांना बागेत कामाला लावता आलं असतं. त्यातलं काहीच झालं नाही. त्या प्रकरणानंतर देशभरात जेव्हा कागद उघडले गेले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. 2015 साली पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेनं अंदाज मांडला, की इंग्लंडमध्ये कोणत्याही एका दिवशी बौद्धिक अक्षमता असलेली 30 ते 35 हजार प्रौढ माणसं मनोविकृतीवरची किंवा नैराश्यावरची औषधं, काहीजण दोन्ही, योग्य वैद्यकीय कारणाशिवाय घेत असतात. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 33,016 प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. मनोविकृतीवरची औषधं मिळालेल्यांपैकी 71 टक्क्यांच्या नोंदीत कोणताही गंभीर मानसिक आजार नव्हता. स्किझोफ्रेनिया नाही, बायपोलर नाही. मग गोळी कशावर? नोंदी चाळल्यावर दिसलं, की वागणं ‘त्रासदायक’ असल्याची नोंद ज्यांच्या नावापुढे आहे, त्यांना ही औषधं मिळण्याची शक्यता जास्त.

म्हणजे गरिबीमुळे आपल्याला नाइलाजानं करावं लागतं असं आपण म्हणतो, तेच श्रीमंत इंग्लंड पैसे मोजून करत होतं. तेव्हा गोळ्यांचं मूळ पैशांच्या टंचाईत आहे हा दावा तिथेच मोडतो. मूळ दुसरीकडे आहे. माणूस असं का वागतो आहे, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

2016 साली तिथल्या आरोग्यसेवेनं, डॉक्टरांच्या, नर्सेसच्या, औषधनिर्मात्यांच्या आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटनांनी मिळून ‘स्टॉम्प’ नावाची मोहीम सुरू केली: बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांचा औषधांचा अतिरेक थांबवायचा. तिचा डंका मला वाजवायचा नाही. मनोविकृतीवरच्या औषधांचं प्रमाण तिथे उतरलं ते कासवाच्या गतीनं, आणि नैराश्यावरच्या औषधांचं प्रमाण वाढत राहिलं. एक दार लोटलं की दुसरं किलकिलं होतं. पण निदान मोजणी तरी सुरू झाली. आपल्याकडे, 2011 च्या जनगणनेनुसार, पंधरा लाखांवर माणसं बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात आहेत. त्यांपैकी कोण कुठली गोळी कशासाठी घेतं, हे जिथे ती राहतात त्या संस्थेच्या एका वहीतसुद्धा बऱ्याचदा सलग सापडत नाही.

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त गंभीर वाटतो. ‘पण गोळीनं फरक पडतो. आम्ही रोज पाहतो.’

पडतो, काही वेळा. मुलाला खरोखर मनोविकृती असेल, नैराश्य असेल, बायपोलर असेल, तर औषध नाकारणं हा गुन्हा आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मानसिक आजार होत नाहीत हा समज मूर्खपणाचा आहे. उलट त्यांच्यात ते अधिक आढळतात आणि कमी ओळखले जातात. पण इथे वाद आजाराचा नाही, नुसत्या आक्रमकपणाचा आहे. त्यावर 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. इंग्लंड, वेल्स आणि ऑस्ट्रेलियातली 86 माणसं, सगळी बौद्धिक अक्षमता असलेली, मारहाण आणि तोडफोड करणारी, मनोविकृती नसलेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले: एकाला रिस्पेरिडोन, एकाला हॅलोपेरिडॉल, एकाला औषध नसलेली दिखाऊ गोळी. चार आठवड्यांनी तिन्ही गटांत आक्रमकपणा घटला. रिस्पेरिडोनवाल्यांचा 58 टक्के, हॅलोपेरिडॉलवाल्यांचा 65 टक्के आणि दिखाऊ गोळीवाल्यांचा 79 टक्के.

दिखाऊ गोळी ‘जिंकली’ असं मी म्हणणार नाही; माणसं थोडी होती आणि तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. पण औषधाची सरशी झाली नाही, हे नक्की. ‘आम्ही रोज पाहतो’ म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. ते पाहतात ते खरंच असतं. गोळी सुरू केली आणि चार आठवड्यांत मुलगा शांत झाला. फक्त, गोळी सुरू होते ती कळस गाठलेल्या आठवड्यात, आणि कळसानंतर उतारच असतो. शिवाय गोळी सुरू झाली की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं, कोणीतरी रोज विचारतं की आज कसा होता. माझं मत असं, की दिखाऊ गोळीच्या गटात जे घडलं त्यातला बराच भाग या विचारपुशीचा असावा. शाळेत आम्ही नुसती वही घालून नोंद ठेवायला लागलो तरी आठवड्याभरात मूल निवळलेलं मी पाहिलं आहे, कारण वही घेऊन बसलेल्या बाईंना त्याच्याकडे बघावं लागतं.

जाणकार विरोधक इथे दुसरी चाचणी पुढे करतील, आणि करावीच. 2002 साली अमेरिकेत स्वमग्न असलेल्या 101 मुलांवर रिस्पेरिडोनची चाचणी झाली. ही मुलं तीव्र थयथयाट, मारामारी, स्वतःला इजा करणारी. आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचा चिडचिडीचा गुणांक जवळजवळ 57 टक्क्यांनी उतरला, दिखाऊ गोळीवाल्यांचा 14 टक्क्यांनी. मोठा फरक आहे. याच पुराव्यावर पुढे अमेरिकेत स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी या औषधाला मान्यता मिळाली. तर मग?

तर मग पूर्ण चाचणी वाचा. आठ आठवड्यांत औषधावरच्या मुलांचं वजन सरासरी 2.7 किलो वाढलं, दुसऱ्या गटाचं 0.8. पुढच्या टप्प्यात, सहा महिन्यांनंतर, ज्यांना औषध लागू पडलं होतं अशांपैकी सोळा जणांचं औषध हळूहळू काढून घेतलं आणि सोळा जणांचं चालू ठेवलं. काढून घेतलेल्यांपैकी दहा जणांचा त्रास परतला. चालू ठेवलेल्यांपैकी फक्त दोघांचा. हे आकडे औषधाच्या बाजूचे आहेत आणि मी ते लपवत नाही. पण उरलेल्या सहा मुलांचं काय? त्यांना गोळीची गरज उरलेली नव्हती, आणि हे कळलं ते कोणीतरी ती थांबवून पाहिली म्हणून. आपल्या दवाखान्यांत ही सहा मुलं कधीच सापडत नाहीत. दहाव्या वर्षी सुरू झालेली गोळी तिसाव्या वर्षीही चालू असते. मधे डॉक्टर बदललेले असतात, गाव बदललेलं असतं, ज्या कारणानं सुरू झाली ते कारण आईलाही नीट आठवत नसतं. चिठ्ठीवर फक्त ‘रिपीट’ असतं.

इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना, 2015 च्या, याबाबतीत अगदी रोकड्या आहेत. वागण्यासाठी मनोविकृतीवरचं औषध द्यायचं ते इतर उपायांनी ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर, किंवा धोका फार मोठा असेल तर. तीन-चार आठवड्यांनी उपयोग झाला का ते बघायचं. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर थांबवायचं. यातल्या कुठल्या वाक्याला पौंड लागतात?

आता मी जिथे थोडी रेंगाळणार आहे तो भाग. कारण ‘निदान नुकसान तरी नाही ना’ हा समज सगळ्यांत खोल रुजलेला आहे.

या औषधांचा एक परिणाम असतो, त्याला अकाथिसिया म्हणतात. माणसाला आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतात, तो उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. ज्याला बोलता येतं तो सांगतो, ‘डॉक्टर, अंगात काहीतरी सळसळतंय, सहन होत नाही.’ ज्याला बोलता येत नाही तो काय करेल? फेऱ्या मारेल, कपडे फाडेल, अडवलं तर ढकलेल. आई डॉक्टरांना सांगेल, ‘फार अस्वस्थ झालाय हल्ली.’ आणि डोस वाढेल. वाढलेल्या डोसानं तगमग वाढेल. औषधानं निर्माण केलेला त्रास त्याच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिला जातो. हे चक्र मी शाळेत पाहिलं, पण त्याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं, तेही वाचनातून. ज्या पालकांना वर्षानुवर्षं ही गोळी लिहून दिली जाते त्यांना हा शब्द कोणी का सांगत नाही, हे मला आजही कळत नाही.

दुसरं चक्र पोटाचं. या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठरतं, लाळ गळते. मग त्यावर दुसरी गोळी येते, ट्रायहेक्सिफेनिडिल. पालक तिला ‘पॅसिटेन’ म्हणूनच ओळखतात. तिनं ताठरपणा कमी होतो, पण तोंड कोरडं पडतं आणि शौचाला होत नाही. अनेक मनोविकृतीवरच्या औषधांनी मुळातच बद्धकोष्ठ होतं, त्यात ही भर. आमच्याकडे एक मोठा मुलगा होता. जेवणानंतर तासाभरात तो स्वतःच्या पोटावर बुक्के मारायचा, मग शेजारच्याच्या पाठीत. त्याच्या फाइलीत ‘आक्रमक, डोस वाढवला’ अशा नोंदी एकाखाली एक होत्या. एका नव्या मावशींनी, ज्यांना आम्ही काहीच शिकवलेलं नव्हतं, सहज विचारलं की हा परसाकडे कधी गेला होता. कोणालाच सांगता आलं नाही. बालरोगतज्ज्ञांनी पोट साफ करायचं औषध दिलं, पाणी आणि भाजी वाढवली, आणि पोटावरचे बुक्के थांबले. मनोविकारतज्ज्ञांनी मग स्वतःहून डोस उतरवला. ते भले गृहस्थ होते, पण त्यांच्यापर्यंत कोणी शौचाची गोष्ट पोचवलीच नव्हती.

बौद्धिक अक्षमतेचा शिक्का एकदा लागला, की त्याच्या सावलीत बाकीचे आजार दिसेनासे होतात. दाढ किडलेली असते, कानात मळ साचून ठणका लागलेला असतो, मुलीची पाळी दुखत असते, डाउन सिंड्रोम असलेल्याचं थायरॉइड मंदावलेलं असतं, रात्रीच्या फिट्स कोणाच्या लक्षात आलेल्या नसतात. हे सगळं ‘बिहेवियर’ या एका शब्दात जमा होतं आणि त्या शब्दावर गोळी लिहिली जाते. बाकीचं नुकसान थोडक्यात सांगते: वजन, साखर, मुलींची पाळी बंद होणं, मुलांची छाती वाढणं, चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली ज्या कधीकधी गोळी बंद केल्यावरही जात नाहीत, गिळायला त्रास होऊन घास अडकणं. आणि क्वचित, पण जिवावर बेतणारं, ताप-ताठरपणाचं संकट.

नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिस्टलच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा त्यातून दगावला. स्वमग्नता, फिट्स आणि सौम्य बौद्धिक अक्षमता होती. मला मनोविकृतीवरची औषधं सोसत नाहीत, देऊ नका, असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. आईवडिलांनीही सांगितलं होतं. तरी ओलॅन्झापिन हे त्याच गटातलं औषध दिलं गेलं. त्याच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून 2022 साली इंग्लंडमध्ये आरोग्य आणि काळजीसेवेतल्या कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, आणि ते प्रशिक्षण त्याच्या नावानं ओळखलं जातं. मुलगा बोलू शकत होता, तरी हे झालं. न बोलणाऱ्यांचं काय होत असेल, याचा हिशेब करणं मला जमत नाही.

‘सोय’ या कारणानं या माणसांच्या शरीरावर काय काय केलं जाऊ शकतं, याचा धडा घेण्यासाठी इंग्लंडपर्यंत जायची गरजही नाही. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, सांभाळणाऱ्या बायका कमी आहेत, हे त्यावेळचं समर्थन होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, वाद देशभर गेला. त्यावेळीही बचावाला हेच वाक्य आलं होतं: बोलणाऱ्यांनी येऊन एक दिवस सांभाळून दाखवावं. आज त्या शस्त्रक्रियांचं जाहीर समर्थन करायला सहसा कोणी धजावणार नाही. गोळीचं समर्थन मात्र त्याच शब्दांत चालतं, कारण गोळीचा व्रण दिसत नाही.

कायद्याचंही पाहा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराची व्याख्या करताना बौद्धिक अक्षमता त्यातून स्पष्टपणे वगळली. बरोबर केलं, ती आजार नाहीच. पण वास्तव असं, की जिला कायदा मानसिक आजार मानत नाही तिच्यावर रोज मानसिक आजाराची औषधं चालतात, आणि आजारी माणसासाठी कायद्यानं उभ्या केलेल्या राखणदारीच्या यंत्रणा मतिमंद मुलांच्या वसतिगृहाच्या फाटकाशी थांबतात. त्याच कायद्यात एक कलम आहे, माणसाला बांधून ठेवण्याबद्दल. त्यात म्हटलं आहे, की बांधणं ही शिक्षा असू नये, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून मानसिक आरोग्य संस्थेला कोणाला बांधता येणार नाही. भारतीय संसदेनं, भारतीय टंचाई पुरती ठाऊक असताना, हे लिहिलं आहे. कर्मचारी कमी म्हणून दोरी चालत नाही. मग कर्मचारी कमी म्हणून गोळी कशी चालेल? कायद्यातल्या त्या कलमाला गोळी दिसली नसेल. ती आपल्याला दिसायला कोणाची हरकत आहे?

इथवर आल्यावर विरोधक विचारतात, ‘ठीक, गोळी नाही. मग काय? तुमच्या त्या वर्तनाच्या कार्यशाळा?’ हा टोला माझ्याच बाजूच्या लोकांना बसतो आणि तो बसायला हवा. इंग्लंडमध्ये 23 पथकांतल्या कर्मचाऱ्यांना सकारात्मक वर्तन-साहाय्याचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. 246 माणसांवर वर्षभर लक्ष ठेवलं, आणि 2018 मध्ये निष्कर्ष आला: नेहमीच्या काळजीच्या तुलनेत वागण्यात फरक पडला नाही. कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्रं वाटणाऱ्या संस्थांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावावा. पण त्याचा अर्थ ‘म्हणून गोळी’ असा कसा होतो? प्रशिक्षण झालं नि काम बदललं नाही, तर बदलायचं आहे ते काम. पोट, दाढ, कान, झोप, बसमधला नवा मदतनीस, दुपारी तीन ते पाच काहीही करायला नसणं: हे एकेका माणसाचं शोधावं लागतं आणि ते वर्गात बसून शिकता येत नाही. तसंच, गोळ्यांना ‘केमिकल’ म्हणून हिणवून त्याच घरात नाव-पत्ता नसलेल्या पुड्या विकणारे जे लोक आहेत, ते माझ्या बाजूचे नाहीत, हेही एकदा सांगून टाकते.

खर्चाचं म्हणाल, तर एका कागदावर मावतं ते. गोळी कोणती, नेमकी कशासाठी, कधीपासून, उपयोग झाला हे कशावरून ठरवणार, आणि पुन्हा कधी बघणार. वजनकाटा शाळेत असतोच. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला तालुक्याच्या ठिकाणी जावं लागेल. नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार, औषधं, तपासण्या येतात. ती मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागतात ते मला माहीत आहे, पण तो अर्ज भरून देणं हे शाळेचं आणि संस्थेचं काम आहे, आईचं एकटीचं नव्हे. आणि मुलाला न पाहता आईच्या सांगण्यावरून चिठ्ठी लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, ती निदान वर्षातून दोनदा मोडायला हवी. मुलाला आणणं अवघड असेल तर त्याच्या चालण्याचा, खाण्याचा, बसण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणा. अकाथिसिया त्यात दिसतो.

‘पण गोळी आम्ही लादत नाही, पालकच मागतात.’ मागतात. थकलेला माणूस जे समोर आहे तेच मागतो. त्या आईला दुसरं काय दाखवलं होतं? आठवड्यातून दोन दिवस मुलाला सांभाळणारी जागा, एखाद्या रात्रीची सुट्टी, घरी येऊन बघणारं कोणी? यातलं काहीही दिलं नाही, आणि मग तिच्या मागणीला संमती म्हणायचं. गोळी लिहिणाऱ्यांपेक्षा माझा राग इथे सरकारवर जास्त आहे. पण सरकार येईपर्यंत डॉक्टरांनी कारण आणि तारीख लिहायची नाही, असा काही नियम नाही.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो मला स्वतःला सतावतो: हे वाचून कोणी उद्या सकाळी गोळ्या बंद केल्या तर? करू नका. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात 36 जणांचा डोस महिन्याला एक चतुर्थांश असा उतरवला. बारा जण पूर्ण सुटले, सात जण निम्म्यावर किंवा त्याखाली आले, बाकीच्यांना परत जावं लागलं. कमी केलेल्यांचं वागणं बिघडलं नाही, ते कामात, खेळात जास्त रमू लागले. मात्र काहींच्या चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या. आणि गोळी कोणाला पुन्हा सुरू झाली, यात तो माणूस जिथे राहत होता त्या जागेचाही वाटा दिसला. तेव्हा कमी करायची ती ज्यांनी लिहिली त्यांच्याशी बोलून, एका वेळी एकच गोळी, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या टप्प्यांनी. घर बदललं आहे, आजी नुकतीच गेली आहे, शाळा सुटून कार्यशाळा सुरू झाली आहे, अशा दिवसांत मुळीच नाही. पहिल्या पंधरवड्यात झोप उडेल, चिडचिड होईल. ती गोळी सुटण्याची असू शकते, लगेच ‘बघा, गरज होतीच’ म्हणू नका. मुलाला खरा मानसिक आजार असल्याचं निदान असेल तर ती गोष्टच वेगळी. आणि फिट्ससाठी दिलेल्या गोळ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात हात लावू नका, एका दिवसासाठीसुद्धा.